शून्य टक्क्यांचा नवस

कानबाईच्या चौरंगावर, नारळाच्या अगदी समोर, उषाबाईचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट टेकवून ठेवला होता. लॅमिनेशन केलेला. हळदीकुंकू सांडून कागद खराब होईल म्हणून मुलानं, भूपेंद्रनं, तो गल्लीच्या तोंडावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकमध्ये घालून आणला होता. कालपासून आरतीला येणारी सुरतेतल्या लिंबायतची माणसं आधी देवीला हात जोडत होती, मग रिपोर्टला. दोघातिघांनी त्यावर तांदूळही वाहिले. आपल्या छातीच्या नळ्यांची पूजा होताना बघायचं भाग्य फार थोड्या बायकांना मिळतं, असं उषाबाईच्या मनात आलं आणि तिला हसू आवरेना.

हसू आलं तरी प्रसंग हसण्यासारखा नव्हता. तासाभरात ढोलवाले येणार होते. मग तो चौरंग, देवी, नारळ, दागिने, फुलं आणि रिपोर्ट असं सगळं डोक्यावर घेऊन उषाबाईला विसर्जनासाठी लिंबायतपासून तापीच्या ओवाऱ्यापर्यंत, नदीच्या घाटापर्यंत, अनवाणी चालायचं होतं. आणि घराच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर तिचा श्वास संपत होता.

नवस तिच्या नवऱ्याचा. चैत्रात गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना ती नवव्या पायरीवर बसली ती उठेचना, तेव्हा निंबानं तिला दवाखान्यात नेताना रिक्षातच बोलून टाकलं होतं, "कानबाई माय, इन्या नळ्या साफ निघू दे, मन्ही बायको तुले डोकावर लिसन पायी तापीवर जाई." बोलताना स्वतःचं डोकं देवीला देऊ करायचं त्याला सुचलं नाही. घाईत माणूस जवळची वस्तू पुढे करतो.

नळ्या साफ निघाल्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं स्क्रीनकडे बघत सांगितलं, "एकदम क्लीन. गॅस असेल. टेन्शन घेऊ नका." निंबानं वॉर्डात पेढे वाटले. त्या दिवसापासून उषाबाईचं दुखणं या घरात अधिकृतपणे बंद झालं. छातीत मात्र ते चालूच राहिलं. ब्लाऊजचा मधला हूक कुणीतरी आतून ओढावा तसं. कधी जबड्यात, कधी पाठीत, कधी नुसताच घाम. ती सांगायची, आणि घर तिला रिपोर्ट दाखवायचं.

शेवटी सुनेनं, योगितानं, कानबाईच्या बांगड्या घ्यायच्या म्हणून सासूला घराबाहेर काढलं आणि थेट एका डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि अर्धा तास नुसतं विचारलं. चढताना दुखतं का, रागावल्यावर दुखतं का, पाळी कधी गेली, साखर आहे का. मग म्हणाल्या, "मोठ्या नळ्या मोकळ्या आहेत हे चांगलंच. पण केसासारख्या बारीक नळ्या त्या फोटोत दिसतच नाहीत. तुमच्या बहुतेक त्याच आवळतात. बायकांमध्ये हे पुष्कळ असतं. आणि काही नाही म्हणून घरी पाठवलेल्या अशा बायकांना पुढे ॲटॅकचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. गोळ्या सुरू करा. शुक्रवारी चालत्या हृदयाची तपासणी करू. आणि तोवर ओझं उचलायचं नाही."

दोघी बांगड्या न घेता परतल्या, तिथेच पकडल्या गेल्या. निंबानं गोळ्या काढून घेतल्या. क्लीन माणसानं गोळ्या खाल्ल्या तर देवीचा अपमान होतो, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारही त्यानंच रद्द केला.

"वहिनी, जरा पंखा इकडे फिरव." खुर्चीवरून सुकलालचा आवाज आला.

सुकलाल म्हणजे निंबाचा धाकटा भाऊ, आणि या घराण्याचा मान्यताप्राप्त हृदयरोगी. तीन वर्षांपूर्वी त्याच्या एका नळीत नव्वद टक्के ब्लॉकेज निघालं, दोन स्प्रिंगा बसल्या, आणि तेव्हापासून घरातली एकमेव हाताची खुर्ची त्याची झाली. त्याच्या नळीचं इंग्रजी नाव भावकीतल्या पोरासोरांना पाठ होतं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची चपटी बाटली तो गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधून हिंडायचा. उषाबाईला अँजिओग्राफीला नेलं तेव्हा हा मनुष्य दोन दिवस जेवला नव्हता. भावजयीच्या काळजीनं, असं सगळे म्हणाले. उषाबाईला मात्र वाटत होतं की तिचे टक्के आपल्याहून जास्त निघतात की काय, याच धास्तीनं त्याची भूक गेली असावी. शून्य निघाल्यावर त्यानं चार पोळ्या खाल्ल्या.

तिनं पंखा फिरवला. "भाऊ, तुमले बरं वाटी राहिनं ना?"

"नव्वद टक्केवाला मानूसले बरं काय वाटी, वहिनी," सुकलाल उसासा टाकून म्हणाला. "तुन्हं बरं शे. शून्य."

तेवढ्यात मंगलाबाई आत आली, आणि खोलीतली हवा सरळ होऊन बसली. निंबाची आणि सुकलालची थोरली बहीण. नवागामला राहते. कानबाईचे नियम तिच्या तोंडी, आणि नियम सापडला नाही तर ती तिथल्या तिथे करते. काल रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, असं ओरडत तिनं आपल्या लेकीच्या पोटातल्या बाळाची मूठसुद्धा धरायला लावली होती. मुलगा होईल या भरवशावर. दळायला आणि भाजायला उषाबाईच होती. तिची मूठ कुणी धरली नव्हती, कारण ती बाई होती आणि रिवाज तसाच होता.

"उषा, पदर कमरेले खोस," मंगलाबाई म्हणाली. "चुंबळ घट बांध. चौरंग एकदा डोकावर गया का मग खाले ठेवता येत नही. हात बदलानं नही. पानी पेवानं नही."

"आक्का, माले नवव्या पायरीवर दम लागस."

"मग तापीलोंग पायऱ्या थोड्याच शेत? सपाट शे."

"रेल्वेखालना गरनाळाना चढ?"

"तो देवी चढी लेई."

उषाबाईनं दुसरा डाव टाकला. "आक्का, योगिताले देऊत का? जवान पोर शे. देवीलेबी नवीन डोकं बरं वाटी."

"मी तयार छूं, आत्याबाई," योगिता लगेच म्हणाली. घाईत असली की तिच्या तोंडात सुरतेची गुजराती घुसायची.

"नवस उषाना जीवना शे. डोकं उषानंच." मंगलाबाईनं योगिताला नजरेनंच स्वयंपाकघरात पाठवलं. मग आवाज खाली आणून, जरा वेगळ्याच सुरात म्हणाली, "बाईनी जातनी दुखनं सांगानं नही, उषा. सांगीसन काय मियस? लोके हसतस."

हे बोलून ती गच्चीवर जायला जिना चढू लागली. वर कुणाची तरी नऊवारी वाळत होती, ती काढायला. उषाबाई खालून बघत होती. मंगलाबाई सात पायऱ्या चढली, आठवी चढली, आणि नवव्या पायरीवर थांबली. कठड्याला धरून उभी राहिली. कमरेच्या पिशवीतून मिसरीची डबी काढली, तोंडाशी काहीतरी नेलं, जीभ वर केली. मिसरी लावणारी बाई बोट दातावर फिरवते. मंगलाबाईनं बोट फिरवलंच नाही.

उषाबाईच्या डोक्यात अजून काही शिरतंय तोच मागून बोंब उठली.

"मन्ही बाटली! मन्ही बाटली कोठे गई?"

सुकलाल खुर्चीतून उठून उभा होता. गळ्यात काळा दोरा होता, बाटली नव्हती. सकाळी आंघोळीला जाताना खिळ्याला टांगली होती, आल्यावर नुसता दोराच गळ्यात घातला, बाटली नाही हे आत्ता कळलं. पाच मिनिटांत सारं घर उलटं झालं. भूपेंद्र चौरंगाखाली शिरला. कुणी तांदळाचा डबा उपसला. सुकलालनं छातीवर हात ठेवून डोळे मिटले आणि एका डोळ्यानं किती माणसं जमली ते पाहिलं.

"रिपोर्ट साफ असनारी बाईले काय गरज बाटलीनी?" तो म्हणाला. नाव घेतलं नाही. घेण्याची गरजही नव्हती.

सगळ्यांच्या माना उषाबाईकडे वळल्या. निंबा तर तांबडा झाला होता. "उषा, इतलंबी नाटक? देवी दारम्हा शे आनि तू आजारी मानूसनी गोळी चोरी लिधी? दे ती."

"आप्पा, आईने नसेल घेतली," भूपेंद्र म्हणाला, पण अर्ध्या आवाजात. तो आईच्या बाजूनं नेहमी अर्ध्याच आवाजात बोलायचा.

उषाबाईला वाईट वाटलं, खरंच वाटलं, डोळ्यांत पाणी येण्याइतकं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिनं या घरातली टाचणीसुद्धा न विचारता घेतली नव्हती. छातीतला हूक कुणीतरी ओढला. ती दाराच्या चौकटीला टेकली, श्वास घेतला आणि सगळ्यांकडे पाहिलं. आणि तिच्या लक्षात आलं की या गोंधळात एकच माणूस ओरडत नव्हतं. मंगलाबाई. घरात काही हरवलं आणि मंगलाबाई ओरडली नाही, असं आजवर घडलंच नव्हतं. ती जिन्याच्या पायथ्याशी पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

उषाबाईचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

"तुम्ही धुंडा," ती म्हणाली. "आक्का, जरा मांगे या. फुलोरानं काम शे."

देवीवर टांगायचा फुलोरा कालच बांधून झाला होता. तरी मंगलाबाई मुकाट्यानं मागच्या मोरीपाशी आली. हेही पहिल्यांदाच.

उषाबाईनं हात पुढे केला. "मिसरी द्या, आक्का."

"तू कधीपासून मिसरी लावस?"

"आजपासून."

मंगलाबाईनं डबी धरून ठेवली. उषाबाईनं हात मागे घेतला नाही. बाहेर सुकलाल मोठमोठ्यानं आपल्या नळीचं नाव घेत होता. शेवटी मंगलाबाईनं डबी उघडली. मिसरीत अर्धी रुतलेली चपटी बाटली होती.

"तीन साल व्हई गयात," मंगलाबाई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण त्यातला फौजदार कुठेतरी गेला होता. "सुकलालनं व्हयनं त्याच सालनी गोट. मन्हाबी फोटो काढा डाक्टरनी. म्हने, माताजी, एकदम क्लीन, घर जा. मन्हा विकास रिक्षाम्हा बठता बठता म्हने, माय, आते नाटक बंद कर. मी बंद करी टाकं. दुखनं काही बंद व्हयनं नही."

"आनि गोळी?"

"एकदाव याना अठे आलथू तव्हय खूप दुखनं, गुपचूप एक लिधी. जरासं बरं वाटनं. मंग येवानी आनि लेवानी. कितला डाव ते इचारू नको. आज घाईम्हा पुरी बाटलीच हातम्हा उनी."

चैत्रापासून ही बाई येईल तेव्हा उषाबाईला नाटकी म्हणत होती. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याच्या मागोमाग हसू आलं, आणि ते इतकं जोरात आलं की तिला मोरीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. "आक्का, तुम्ही नवव्या पायरीवर थांबतस."

"तूबी?"

"मीबी."

"मरो ती पायरी," मंगलाबाई म्हणाली, आणि तीही हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. मिसरीचं बोट होतं, गालावर काळी रेघ उमटली.

"आते काय करूत?" उषाबाईनं विचारलं. "बाहेर सांगशात?"

मंगलाबाईनं बाटली मिसरीतून काढून पदराला पुसली. भावकीत चाळीस वर्षं कमावलेला दरारा एका चपट्या बाटलीपायी जाणार होता. हे ओझं चौरंगापेक्षा हलकं नव्हतं, हे उषाबाईला कळत होतं, म्हणून तिनं घाई केली नाही. मग मंगलाबाईनं पदर खोचला आणि ती अशी बाहेर निघाली की उषाबाईला मागोमाग पळावं लागलं.

"निंब्या!" अंगणात पोचायच्या आत हाक गेली. "बाटली मी लिधी. धर रे सुकलाल, तुन्ही बाटली, आनि बोंबलू नको. मन्ही छाती दुखस. तीन सालपासून. मन्हा रिपोर्टबी क्लीन शे. आते कोनले हसानं व्हई त्यानी आताच हसी ल्या, मंग ढोल सुरू व्हई जाई."

कुणी हसलं नाही. गालावर काळी रेघ असलेल्या मंगलाबाईला हसण्याची हिंमत लिंबायतमध्ये कुणाची नव्हती. सुकलालनं बाटली घेतली, दोऱ्यात अडकवली आणि खुर्चीत बसला. घरात एकदम तीन हृदयरोगी झाल्याचा त्याला धक्का बसला होता. विकास रिक्षाच्या हँडलवर हात ठेवून उभा होता, तो आईकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघू लागला.

"पन आक्का," निंबा चाचरत म्हणाला, "रिपोर्ट साफ शे. दोन्हीसना साफ शे. डाक्टर खोटं सांगी का?"

आता उषाबाईला बोलायची संधी होती आणि ती तिनं सोडली नाही. निंबा बत्तीस वर्षं लूम दुरुस्त करणारा जॉबर. उधन्यापासून लिंबायतपर्यंतचे कारखानदार मशीन घेण्याआधी त्याला बोलवायचे.

"ऐकी ल्या," ती म्हणाली. "नवं लूम पास करानं ऱ्हायनं, तर तुम्ही बंद मशीन देखीसन पास करतस का?"

"बंद मशीन देखीसन काय समजस? चालू करनं पडस. अर्धा घंटा चालाडानं, तव्हय खोट दखास."

"मन्हा फोटो काढा तव्हय मी निजेल व्हतू. मशीन बंद. डाक्टरीणबाई शुक्रवारले चालू करीसन देखनार व्हती. तुम्ही ना पाडी दिधी."

दुसरं कुणी काही म्हणालं असतं तर निंबानं तासभर वाद घातला असता. पण हे त्याच्याच कामातलं होतं, आणि कामाच्या बाबतीत निंबा कधी खोटं बोलला नव्हता. त्यानं एकदा रिपोर्टकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"मंग... नवस?" त्याचा आवाज बारीक झाला. "देवीले सांगेल शे."

ढोलवाले दारात येऊन उभे होते. सगळ्यांनी मंगलाबाईकडे पाहिलं, कारण नियम तिच्याकडे असायचे.

"नवस कोनी सांगा?" तिनं विचारलं.

"मी."

"मंग डोकं तुन्हं."

"आक्का, कानबाई तर बायाच लेतस डोकावर!"

"कोनी सांगं? मन्ही आजेसासू सांगे, ज्याना नवस त्यानं डोकं. पयलेपासून असंच शे." आजेसासू मंगलाबाईच्या लग्नाआधीच गेली होती, हे अंगणात फक्त उषाबाईला माहीत होतं. तिनं स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढून नवऱ्याच्या टकलावर ठेवली आणि नीट बसवली.

"घट बांधेल शे," ती म्हणाली. "हात बदलू नका. पानी पेऊ नका."

भूपेंद्र आणि विकासनं चौरंग उचलून निंबाच्या डोक्यावर दिला. ढोल वाजला. खिडक्याखिडक्यांत माणसं आली. निंबा जॉबर देवी घेऊन निघाला हे दृश्य लिंबायतनं आजवर पाहिलेलं नव्हतं. पोरींनी फुगड्या घातल्या, योगितानं मोबाईलवर सगळं टिपलं. निंबा पहिली गल्ली ताठ चालला. दुसऱ्या गल्लीत मान जरा खाली गेली. मागून उषाबाई आणि मंगलाबाई हातात हात धरून हळूहळू चालत होत्या, आणि कुणी भरभर चला म्हटलं की मंगलाबाई त्याच्याकडे नुसतं बघायची.

गरनाळ्याचा चढ अर्धा झाला आणि निंबा थांबला. तोंड उघडं, शर्ट पाठीला चिकटलेला. "धर," एवढंच म्हणाला. भूपेंद्रनं चौरंग स्वतःच्या डोक्यावर घेतला. मग जी धावपळ झाली ती काय सांगावी. कुणी पानाच्या टपरीतून खुर्ची आणली. कुणी सोडा फोडला. दोघं पंखा घालू लागले, एक जण तळपाय चोळू लागला. विकासनं रिक्षा आडवी लावून मागची गर्दी थांबवली. सुकलालनं गळ्यातली बाटली काढून पुढे केली, आणि त्यात त्याचा जीव किती अडकला होता हे माहीत असलेल्या उषाबाईला भरून आलं. सगळे एकच विचारत होते: काय होतंय, कुठे होतंय, बोला.

उषाबाई खुर्चीपाशी पोचली. तिनं पदरानं त्याच्या कपाळाचा घाम पुसला. छातीत काही नव्हतं, साधा दम होता. बत्तीस वर्षं मशिनीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ओझ्याची सवय नव्हती, एवढंच. ते बघून तिला आधी हायसं वाटलं आणि मग हसू आलं.

"काय हासी राहिनी?" निंबानं धापा टाकत विचारलं.

"देखा ना, इतला लोके जमनात," उषाबाई म्हणाली. "तुमले एकानीबी रिपोर्ट मांगा नही."

पंखा घालणारे हात थांबले. सोड्याची बाटली निंबाच्या हातात तशीच राहिली.

"तुले," तो हळूच म्हणाला, "रोज असं व्हस?"

"याना पेक्षा जास्त."

निंबानं मान खाली घातली. मग गुडघ्यांवर हात टेकून तो उठला. अजून दम गेला नव्हता, तरी उठला, आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बठ," तो म्हणाला.

ढोल थांबलेला, देवी भूपेंद्रच्या डोक्यावर, मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. उषाबाई रस्त्याच्या मधोमध खुर्चीत बसली, पाय लांब केले, आणि दम पुरता बसल्यावरच सावकाश उठली.